घरटॅक्स कसा भरायचा? कचारगड परिसरातील गावकऱ्यांसाठी बिलापासून पावतीपर्यंतची माहिती

सालेकसा : माघ पौर्णिमेची कचारगड यात्रा आटोपली की गावं पुन्हा आपल्या कामाला लागतात. मोहफुलं वेचणं, मग तेंदूपत्ता, मग धानाची पऱ्हे. याच दिवसांत ग्रामपंचायतीचा चपराशी घरोघरी एक कागद देऊन जातो. कुणी तो कागद कवेलूच्या फटीत खोचतो, कुणी पोराच्या वहीत ठेवतो आणि विसरतो. तो कागद म्हणजे घरटॅक्सचं बिल. रक्कम बहुतेक घरांची काही शेकड्यांतच असते. पण दोन-चार वर्षं साचली की तीच रक्कम दाखल्याच्या वेळी आडवी येते. निवडणुकीचा अर्ज भरायचा असेल तर उमेदवारीच धोक्यात येते. त्यामुळे हे बिल कसं वाचायचं, कधी भरायचं, कुठे भरायचं आणि भरल्यावर हातात काय घ्यायचं, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

घरटॅक्स म्हणजे नेमकं काय?

गावात ज्याला घरटॅक्स किंवा घरपट्टी म्हणतात तो कर ग्रामपंचायत वसूल करते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ नुसार तिला तो अधिकार आहे. कराची आकारणी कशी करायची हे १९६० च्या कर व फी नियमांत ठरलेलं आहे. ३१ डिसेंबर २०१५ रोजी या नियमांत मोठा बदल झाला. तेव्हापासून घराचा कर भांडवली मूल्यावर काढतात. म्हणजे जागेची किंमत, बांधकामाची किंमत, घर किती जुनं आहे आणि त्याचा वापर कशासाठी होतो, हे सगळं हिशेबात येतं. मातीच्या घराला दर कमी आणि सिमेंटच्या स्लॅबच्या घराला जास्त असतो. राहत्या घरापेक्षा दुकानाचा भार अधिक पडतो.

एका बिलात सहसा चार गोष्टी असतात. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य किंवा सफाई कर आणि पाणीपट्टी. पाणीपट्टीतही दोन प्रकार आहेत. सार्वजनिक नळ किंवा बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांना सामान्य पाणीपट्टी लागते. घरात स्वतःचं नळ कनेक्शन असेल तर विशेष पाणीपट्टी लागते. घरात कनेक्शन नसताना विशेष पाणीपट्टी लागली असेल तर लगेच विचारणा करावी.

शेतजमिनीचा सारा हा वेगळा विषय आहे. ज्या जमिनीवर शेतसारा लागतो त्या जमिनीवर ग्रामपंचायत कर लावत नाही. शेतसारा तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे भरायचा असतो. दोघांचं वर्षही वेगळं आहे. ग्रामपंचायतीचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, तर महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. 'साऱ्याची पावती आहे ना, मग घरटॅक्स कशाला?' असं बरेच जण विचारतात. एका पावतीने दुसरी बाकी फिटत नाही.

तसंच यात्रेच्या दिवसांत दुकान लावणाऱ्यांकडून जागेचं किंवा बाजाराचं शुल्क घेतलं जातं. त्याचा घरटॅक्सशी संबंध नाही. दोन्हींच्या पावत्या वेगळ्या जपाव्यात.

बिल हातात आलं की आधी काय पाहावं?

ग्रामपंचायतीच्या दप्तरात घरटॅक्सचे चार नमुने महत्त्वाचे आहेत. ते ओळखता आले की निम्मं काम झालं.

नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही. घर कुणाच्या नावावर, किती लांब-रुंद, कशाचं बांधलेलं आणि कर किती, हे तिच्यात असतं. नमुना ९ ही मागणीची नोंदवही. त्यात मागची बाकी आणि चालू वर्षाची रक्कम दिसते. नमुना ९क म्हणजे घरी येणारं बिल. आणि नमुना १० म्हणजे कर भरल्याची पावती.

बिल आल्यावर पाच गोष्टी तपासाव्यात :

१) मालमत्ता क्रमांक आपलाच आहे का? एका आडनावाची अनेक घरं असलेल्या टोल्यावर बिलांची अदलाबदल होऊ शकते.

२) नाव बरोबर आहे का? वडील किंवा आजोबांचं नाव असेल तरी कर लागू राहतोच.

३) 'मागील' आणि 'चालू' हे दोन रकाने वेगळे पाहावेत. मागील रकान्यात रक्कम असेल आणि ती आपण भरली असेल, तर जुनी पावती शोधावी.

४) घराचं वर्णन जुळतं का? मातीचं घर असताना पक्कं घर लिहिलं असेल तर कर जास्त लागतो.

५) भरण्याची शेवटची तारीख कोणती लिहिली आहे?

चौथा मुद्दा घरकुलवाल्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. प्रधानमंत्री आवास किंवा शबरी आवास योजनेतून घर बांधलं की जुन्या कवेलूच्या घराची नोंद बदलून नव्या पक्क्या घराची होते आणि करही बदलतो. पण जुनं घर पाडलं असूनही त्याची नोंद तशीच राहिली, तर एकाच जागेवर दोन घरांचा कर लागत जातो. जुनं घर पाडल्यावर लेखी अर्ज देऊन ती नोंद कमी करून घ्यावी.

कधी भरावा? सप्टेंबरची तारीख आणि धानाचे चुकारे

वर्षाचा कर पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत भरला तर ५ टक्के सूट मिळते. ३१ मार्च उलटून गेला तर थकीत रकमेवर ५ टक्के जादा आकारणी होते. मधल्या काळात, ऑक्टोबर ते मार्चमध्ये, बिलावरची रक्कम जशीच्या तशी भरायची.

समजा एका घराचा चालू वर्षाचा कर ८०० रुपये आहे. सप्टेंबरच्या आत भरला तर ७६० रुपये लागतील. जानेवारीत भरला तर ८०० लागतील. पुढच्या एप्रिलमध्ये गेला तर ८४० रुपये होतील आणि सोबत नव्या वर्षाचे ८०० उभे राहतील. म्हणजे ज्या घराला वर्षाच्या सुरुवातीला ७६० पुरले असते, त्याच घरासमोर वर्षभराने १,६४० रुपयांचं बिल येतं.

अडचण अशी की सवलतीची तारीख आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा येण्याची वेळ जुळत नाही. खरिपाचा धान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणीला येतो. तो आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर विकून चुकारे खात्यात जमा व्हायला आणखी वेळ जातो. तोवर सप्टेंबर निघून गेलेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तर रोवणी, खत आणि पोरांच्या शाळेचा खर्च होऊन घर रिकामं असतं.

त्यामुळे या भागात घरटॅक्स भरण्याची सोयीची वेळ म्हणजे मे-जून. तेंदूपत्ता फळीवरची मजुरी आणि मोहफुलांचे पैसे याच दिवसांत हातात येतात. ज्यांच्याकडे उन्हाळी धान आहे त्यांचीही विक्री याच सुमारास होते. बिल आलं नसलं तरी थांबण्याची गरज नाही. मालमत्ता क्रमांक सांगून ग्रामपंचायतीत रक्कम विचारता येते आणि भरता येते. एकदम जमत नसेल तर काही रक्कम भरून तेवढी पावती घ्यावी आणि बाकी किती राहिली ते लिहून घ्यावं. मात्र सूट कोणत्या रकमेवर आणि कशी मिळेल, हे पावती फाडण्याआधीच विचारावं.

कुठे आणि कसा भरावा?

ग्रामपंचायत कार्यालयात रोखीने : सर्वांत सरळ मार्ग. जाताना बिल किंवा मागच्या वर्षीची पावती न्यावी. काहीच नसेल तर घरमालकाचं नाव आणि वॉर्ड सांगितला तरी नमुना ९ मध्ये नोंद सापडते. ग्रामसेवकाचं पदनाम २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी असं झालं आहे. त्यांच्याकडे एकापेक्षा जास्त गावं असतील तर ते कोणत्या दिवशी हजर असतात हे आधी विचारून जावं. दूरच्या टोल्यावरून येणाऱ्याची एक चक्कर वाचते.

घरी वसुलीला आलेल्या कर्मचाऱ्याकडे : चालतं, पण नियम एकच. पैसे दिले त्याच क्षणी छापील पावती हातात यायला हवी. 'पावती उद्या देतो' म्हटलं तर 'पैसेही उद्याच देतो' म्हणावं. वहीच्या चिठोऱ्यावर लिहून दिलेली रक्कम दप्तरात धरली जात नाही.

क्यूआर कोडने : अनेक ग्रामपंचायतींनी कार्यालयात किंवा बिलावर क्यूआर कोड लावले आहेत. मोबाईलवरून स्कॅन केल्यावर पडद्यावर ग्रामपंचायतीचं नाव दिसतं का, हे आधी पाहावं. एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर पैसे पाठवू नयेत. पैसे गेल्यावर व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवावा आणि कार्यालयात दाखवून नमुना १० ची पावती घ्यावी. मोबाईलवरचा 'पेमेंट यशस्वी' हा संदेश म्हणजे कराची पावती नव्हे. ती रक्कम कोणत्या घराच्या नावावर जमा झाली, हे पावतीवरच कळतं.

महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट अॅपवरून : हे राज्याच्या ग्रामविकास विभागाचं अॅप आहे. मोबाईल क्रमांक टाकून ओटीपीने नोंदणी करायची, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडायची आणि आपली मालमत्ता शोधायची. ज्या ग्रामपंचायतीने नोंदी अद्ययावत केल्या आहेत तिथे बाकी दिसते आणि ऑनलाइन भरता येते. नागपूर, हैदराबाद किंवा आणखी कुठे कामाला गेलेल्या पोरांना गावचं बिल तिथूनच भरता येतं.

डोंगराकडच्या गावांत रेंज मधेच जाते आणि व्यवहार अडकतो. खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नये. व्यवहार क्रमांक लिहून ठेवावा, बँकेत आणि ग्रामपंचायतीत चौकशी करावी. अडकलेला व्यवहार साधारण काही दिवसांत पूर्ण होतो किंवा पैसे परत खात्यात येतात.

कर कुणीही भरू शकतो. मालक बाहेरगावी असेल तर भाऊ, सून, शेजारी कुणीही जाऊन भरलं तरी चालतं. पावती मात्र नोंदीतल्या नावानेच निघाली पाहिजे.

पावतीवर काय असावं?

पावती म्हणजे नमुना १०. हाताने लिहिलेली असो की संगणकाची, तिच्यावर पावती क्रमांक, तारीख, मालमत्ता क्रमांक, नाव, प्रत्येक कराची मागील आणि चालू रक्कम, एकूण रक्कम आणि सही हवी. ८०० दिले आणि पावती ७०० ची असेल तर तिथल्या तिथे बोलावं. घरी आल्यावर बोलून उपयोग नाही.

पावतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. पावसाळ्यात कागद ओला होतो, उंदीर कुरतडतात, शाई उडते. पाच वर्षांनी 'तुमची २०२१ ची बाकी आहे' असं कुणी म्हटलं, तर तो फोटोच कामाला येतो.

बिल चुकीचं वाटलं तर?

आधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगितलेलं राहून जातं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्यावी. घर मोजून द्या, वर्णन दुरुस्त करा किंवा भरलेली रक्कम वजा करा, जे असेल ते स्पष्ट लिहावं. सोबत पावतीची झेरॉक्स जोडावी.

तिथे समाधान झालं नाही तर कायद्याने पंचायत समितीकडे अपील करता येतं. तिचा निर्णयही पटला नाही तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जाता येतं. अपिलाला मुदत असते, म्हणून बिल हातात आल्यावर वेळ घालवू नये.

कराची फेरआकारणी दर चार वर्षांनी होते. त्या वेळी नव्या आकारणीची यादी लावून हरकती मागवल्या जातात. तेव्हा एक चक्कर मारून आपलं घर यादीत पाहिलं, तर पुढच्या चार वर्षांची डोकेदुखी वाचते.

नाही भरला तर काय होतं?

अधिनियमाच्या कलम १२९ मध्ये वसुलीच्या पायऱ्या दिल्या आहेत. पहिली पायरी बिल. दिलेल्या तारखेपर्यंत भरलं नाही तर मागणीचा लेख, म्हणजे गावात म्हणतात ती 'डिमांड नोटीस' बजावली जाते. त्यानंतर ३० दिवसांत रक्कम आली नाही, तर ग्रामपंचायत थकबाकीदाराची जंगम मालमत्ता अटकावून विकू शकते. तरीही वसुली झाली नाही तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद आहे. बऱ्याच ग्रामपंचायती थकीत प्रकरणं राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व म्हणून ठेवतात. अशी नोटीस आली तर घाबरून घरी बसू नये. ठरलेल्या तारखेला जाऊन तडजोड करावी.

सर्वांत मोठा फटका बसतो तो निवडणुकीत. कलम १४ नुसार बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेचा कर भरला नाही, तर ती व्यक्ती ग्रामपंचायत सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरते. एकत्र कुटुंबात एकाने कर थकवला तरी कुटुंबातले सगळे अपात्र मानले जाऊ शकतात. म्हणजे थोरल्या भावाच्या नावावरचं काही शेकड्यांचं बिल धाकट्याच्या बायकोचं सदस्यपद घालवू शकतं. ज्या घरातून कुणी उभं राहणार आहे, त्या घराने सगळ्या मालमत्तांच्या पावत्या आधीच काढून पाहाव्यात.

बाकी नसल्याचा दाखला

कर्ज, घरकुल किंवा निवडणूक, अनेक ठिकाणी 'ग्रामपंचायतीची येणे बाकी नाही' असा दाखला मागतात. हा दाखला आणि नमुना ८ चा उतारा या दोन्ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येतात. त्यासाठी ५ दिवसांची मुदत आणि २० रुपये शुल्क ठरलेलं आहे. अर्ज ग्रामपंचायतीत किंवा तिथल्या आपले सरकार सेवा केंद्रात करता येतो. मुदतीत दाखला मिळाला नाही तर या कायद्यानेच वर अपील करता येतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आदिवासींना घरटॅक्स माफ आहे का?*
नाही. जातीवर किंवा जमातीवर अशी सरसकट माफी नाही. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या करात माफीची योजना आहे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो.

*घराच्या जागेचा कागद नाही, तरी कर का?*
कर मालकाकडून किंवा राहणाऱ्याकडून घेता येतो. त्यामुळे अतिक्रमणातल्या घरालाही कर लागतो. पण कर भरला म्हणून जागा आपल्या नावावर झाली, असं होत नाही. नमुना ८ हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही. गावठाणातल्या मालकीसाठी स्वामित्व योजनेत मोजणी होऊन मिळणारं मालमत्ता पत्रक वेगळं असतं.

*बिल मेलेल्या वडिलांच्या नावाने येतं. काय करावं?*
बाकी आधी भरावी. मग मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद जोडून नाव बदलण्यासाठी अर्ज द्यावा. नोंद करताना घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावता येतं, ते अर्जातच लिहावं.

*जुन्या थकबाकीवर सूट मिळते का?*
अधूनमधून मिळते. २०२५ मध्ये मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात निवासी घरांच्या जुन्या थकबाकीवर ५० टक्के सवलतीची मुभा ग्रामपंचायतींना देण्यात आली होती. अशा सवलतींना मुदत आणि अटी असतात. सध्या काही सुरू आहे का, हे ग्रामसभेत किंवा कार्यालयात विचारावं. पण सवलत येईल या आशेवर दरवर्षी थकवत राहणं परवडत नाही.

*आमच्या पैशाचं होतं काय?*
पथदिव्यांचे दिवे, पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं वीजबिल, नाल्यांची सफाई असे खर्च यातून भागतात. स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. वर्षभरात किती कर जमा झाला आणि कुठे लागला, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. हातात चालू वर्षाची पावती असेल तर तो प्रश्न अधिक जोर देऊन विचारता येतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

– तेंदूपत्त्याचे पैसे आले की मे-जूनमध्येच घरटॅक्स भरा. ३० सप्टेंबरपर्यंत ५ टक्के सूट, ३१ मार्चनंतर ५ टक्के जादा.
– पैसे दिले की नमुना १० ची पावती तिथेच घ्या आणि तिचा फोटो काढा.
– क्यूआर कोडवर ग्रामपंचायतीचं नाव पाहूनच पैसे पाठवा.
– घर पाडलं, नवं बांधलं किंवा मालक वारला, तर नोंद बदलून घ्या.
– चूक दिसली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.
– निवडणूक लढवायची असेल तर घरातल्या प्रत्येक मालमत्तेची बाकी आधीच तपासा.